प्रबंधासाठी जीआयएस: विषय ठरवण्यापासून नकाशा छापेपर्यंत

‘पुरंदर तालुक्याचा भूमी-उपयोग नकाशा’ हा प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही. ती प्रबंधातली एक आकृती झाली. विषय असा हवा, की ज्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकेल. उदाहरणार्थ: ‘पुरंदर तालुक्यात २०१९ ते २०२४ या काळात एप्रिल महिन्यात हिरवी असलेली जमीन वाढली का, आणि वाढली असेल तर ती नदी-ओढ्यांपासून ५०० मीटरच्या आत वाढली की बाहेर?’ या प्रश्नात जागा आहे, काळ आहे, मोजायची वस्तू आहे आणि अंतर आहे. असा प्रश्न जीआयएसला, म्हणजे माहिती तिच्या जागेनिशी साठवून नकाशावर मोजणाऱ्या संगणकप्रणालीला, विचारता येतो. खाली हेच उदाहरण धरून सगळी कामं क्रमाने सांगितली आहेत. पर्जन्यछायेतला तालुका, मधून वाहणारी कऱ्हा, अंजीर-सीताफळाच्या बागा, असा हा मुलूख आहे. तुमचा तालुका आणि विषय वेगळा असला तरी अडायच्या जागा त्याच असतात.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर एक रिकामा तक्ता आखा. प्रबंधाच्या शेवटी जो तक्ता यायला हवा, तोच. ओळींत गावं, रकान्यांत २०१९ चं हिरवं क्षेत्र, २०२४ चं हिरवं क्षेत्र, ५०० मीटरच्या आतलं, बाहेरचं. आता प्रत्येक रकान्यासमोर लिहा, की हा आकडा कुठल्या डेटातून येणार. गावांच्या सीमा कोणाकडून? ओढे कुठून? उपग्रहाचं चित्र कोणतं? ज्या रकान्यासमोर काहीच लिहिता आलं नाही, तो रकाना आत्ताच खोडा. मार्चमध्ये गाइडसमोर खोडण्यापेक्षा ते बरं.

गुंठ्याचा हिशेब

डेटा किती बारीक हवा, हे प्रश्नावरून ठरतं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या मुख्य पट्ट्यांचा (प्रकाशाच्या रंगपट्ट्यांचा) एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला सगळ्यात लहान चौकोन, जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. तेव्हा सेंटिनेलचा एक पिक्सेल म्हणजे जवळपास एक गुंठा, हे डोक्यात ठेवलं की बरेच घोळ टळतात. लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा.

वीस गुंठ्यांची अंजिराची बाग साधारण ४५ मीटर बाय ४५ मीटर असते. तिच्यात सेंटिनेलचे वीस पिक्सेल मावतात खरे, पण कडेच्या पिक्सेलमध्ये बांध, पाणंद, शेजाऱ्याचं ज्वारीचं रान असं सगळं मिसळतं. निखळ बागेचे पिक्सेल आठ-नऊच उरतात. लँडसॅटमध्ये एखादा उरला तर नशीब. म्हणून आपल्याकडच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर लँडसॅटने ‘पीकनिहाय वर्गीकरण’ करायला जाऊ नये. तीस-चाळीस वर्षांचा बदल पाहायचा असेल तर मात्र लँडसॅटला पर्याय नाही. तिथे वर्ग मोठे ठेवा: पडीक, पीक, झाडोरा, पाणी, वस्ती. लँडसॅट ७ ची ३१ मे २००३ नंतरची चित्रं उघडलीत तर तिरप्या काळ्या पट्ट्या दिसतील. तुमचं डाउनलोड बिघडलेलं नाही. त्या दिवशी उपग्रहावरचा एक भाग बंद पडला, तो कायमचा.

सॉफ्टवेअर आणि फोल्डर

क्यूजीआयएस वापरा. फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं, आणि विभागातल्या प्रयोगशाळेच्या परवान्यावर अवलंबून राहावं लागत नाही. दीर्घकालीन आधार असलेली आवृत्ती उतरवा आणि प्रबंध संपेपर्यंत ती बदलू नका. तालुक्याएवढ्या कामाला ८ जीबी रॅम पुरते. फक्त उपग्रहाचं अख्खं चित्र न हाताळता आधी तालुक्याच्या सीमेवर थोडी जागा जास्त सोडून कापून घ्या.

फोल्डरची आणि फाइलची नावं रोमन लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्या. क्यूजीआयएस स्वतः देवनागरी नावं सहन करतं, पण त्यातली काही जोडसाधनं अशा वाटेवर अडखळतात आणि चूक मात्र भलतीच दाखवतात. मूळ डाउनलोड एका फोल्डरमध्ये, त्याला हात लावायचा नाही. केलेलं काम दुसऱ्यात.

नकाशाचे थर (गावं, ओढे असे एकेका प्रकारच्या माहितीचे संच) साठवायला शेपफाइलऐवजी जिओपॅकेज हा फाइलप्रकार वापरा. शेपफाइल ही एक फाइल नसून किमान तीन-चार फाइलींचं कुटुंब आहे. मित्राला व्हॉट्सॲपवर फक्त डॉट एसएचपी पाठवलीत तर त्याच्याकडे काहीच उघडणार नाही. शिवाय तिच्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांपुढे कापलं जातं, आणि कॅरॅक्टर एन्कोडिंग यूटीएफ-८ नसेल तर मराठी गावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. जिओपॅकेजमध्ये ही तिन्ही दुखणी नाहीत.

प्रोजेक्शन: इथेच सगळं घसरतं

प्रोजेक्शन म्हणजे गोल पृथ्वीवरची जागा सपाट नकाशावर आकड्यांत मांडायची पद्धत. फोनवरचे, गूगलवरचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ पद्धतीत असतात. त्यांचा संकेतांक ईपीएसजी ४३२६. यात एकक अंश असतं, मीटर नव्हे. अशा थराला ५०० मीटरचा बफर (भोवतीचा तेवढ्या रुंदीचा पट्टा) द्यायला गेलात तर सॉफ्टवेअर ५०० अंशांचा बफर काढू पाहतं. उतार काढलात तर सगळा तालुका कड्यासारखा ऐंशी-नव्वद अंशांत उभा दिसतो, कारण उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अंशांत मोजलं गेलं.

अंतर, क्षेत्रफळ, उतार यांसाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत या. महाराष्ट्र दोन पट्ट्यांत विभागलेला आहे. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला ४३ उत्तर, संकेतांक ३२६४३. पूर्वेला ४४ उत्तर, संकेतांक ३२६४४. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर पहिल्यात. नागपूर, वर्धा, चंद्रपूर दुसऱ्यात. यवतमाळ जिल्ह्यातून ती रेषाच जाते. अशा जिल्ह्यात ज्या बाजूला क्षेत्र जास्त, तो एकच पट्टा सगळ्यासाठी वापरा. दोन तुकडे करू नका. पुरंदरसाठी ३२६४३.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. थराचं प्रोजेक्शन बदलायला विद्यार्थी थरावर उजवं बटण दाबून ‘सेट लेयर सीआरएस’ निवडतात. त्याने आकडे बदलत नाहीत, फक्त पाटी बदलते. ७४.०३ अंश हे ७४.०३ मीटर समजले जातात आणि थर नकाशावरून गायब होतो. खरं रूपांतर प्रोसेसिंग टूलबॉक्समधल्या ‘रिप्रोजेक्ट लेयर’ने होतं, रास्टरसाठी, म्हणजे पिक्सेलच्या चित्रासाठी, ‘वॉर्प’ने. ‘सेट’ तेव्हाच वापरायचं, जेव्हा फाइलची पाटी मुळातच चुकीची किंवा कोरी आहे.

ताळा सोपा आहे. रूपांतरानंतर माउस सासवडवर न्या. पूर्वेचा आकडा सहा अंकी, उत्तरेचा सात अंकी आणि २० लाखांच्या आसपास दिसला पाहिजे.

टोपोशीट बसवणं

ओढे टोपोशीटवरून, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापील स्थलदर्शक नकाशावरून, गिरवायचे असतील तर शीट आधी जागेवर बसवावी लागते. १:५०,००० ची शीट १५ मिनिटं बाय १५ मिनिटांची असते. सासवड आणि जेजुरी दोन्ही ४७ जे/३ वर येतात, पण पुरंदर किल्ला शेजारच्या ४७ एफ/१५ वर, कारण ७४ अंशांची रेषा दोहोंच्या मधून जाते. एका तालुक्याला तीन-चार शीट लागणं नेहमीचंच.

स्कॅन ३०० डीपीआयला करा. तेवढ्यात एक पिक्सेल जमिनीवर सव्वाचार मीटर येतो, तो पुरेसा आहे. शीट घडी घातलेली असेल तर दाबून सपाट करून स्कॅन करा. फोनवर काढलेला फोटो चालत नाही, कारण भिंगामुळे कडा वाकतात.

जिओरेफरन्सर, म्हणजे शीट जागेवर बसवायचं साधन, नव्या आवृत्त्यांत लेयर मेनूत आहे, जुन्यांत रास्टर मेनूत. शीटवर दर पाच मिनिटांनी रेघा असतात, त्यांचे छेदबिंदू कडांसह चार गुणिले चार, म्हणजे सोळा. सगळे सोळा घ्या. चार कोपरेच घेतले तर मधली घडी कुठे ओढली गेली हे कळत नाही. आकडे दशांशात भरताना पाच स्थळं तरी लिहा. १८ अंश २० मिनिटं म्हणजे १८.३३३३३, कोणी १८.३३ लिहिलं तर तो बिंदू तिथेच ३७० मीटर सरकला. आणखी एक नेहमीची चूक: १८ अंश २० मिनिटं हे १८.२० असं लिहिणं. मिनिटं साठात असतात, शंभरात नाही.

जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर, बेतलेल्या आहेत. त्यावरचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ चे समजून भरलेत तर पुण्याच्या आसपास सगळी शीट शंभर मीटरहून जास्त सरकते. नकाशा ‘जवळपास बरोबर’ दिसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण ५०० मीटरच्या बफरमध्ये शंभर मीटर म्हणजे पाचवा हिस्सा. तेव्हा बिंदू भरताना पद्धत कल्याणपूर १९७५ निवडा आणि शीट बसल्यावर ३२६४३ मध्ये वॉर्प करा. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेल्या ओपन सिरीजच्या शीट मुळातच डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत. त्यांना हे लागत नाही. कोणती शीट हातात आहे, ते समासात छापलेलं असतं.

रूपांतराचा प्रकार ‘पॉलिनोमियल १’ ठेवा. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ निवडला की चूक शून्य दाखवते आणि विद्यार्थी खूश होतात. तो प्रकार प्रत्येक बिंदूला खेचून जागेवर बसवतोच, बिंदू चुकीचा असला तरी. म्हणून त्या शून्याला अर्थ नाही. पॉलिनोमियलमध्ये सरासरी चूक २५ मीटरच्या आत आली पाहिजे. शीटवर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. एखाद्या बिंदूची चूक बाकीच्यांच्या चौपट असेल तर तो वगळण्याआधी त्याचे आकडे पुन्हा वाचा. दहापैकी आठ वेळा टंकनाची चूक निघते.

शेवटी न हललेल्या वस्तूशी ताडून बघा. जेजुरीजवळून जाणारा पुणे-मिरज लोहमार्ग किंवा जुना पूल उपग्रहाच्या चित्रावर तिथेच येतो का? धरणाच्या पाण्याची कड यासाठी घेऊ नका, ती ऋतूप्रमाणे हलते.

जनगणनेचे आकडे गावांना जोडणं

गावाच्या नावावरून कधीही जोडू नका. एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असतात, बुद्रुक-खुर्द तीन प्रकारे लिहिलेलं असतं, आणि जिल्ह्यांची नावंच बदलली आहेत: २०११ च्या तक्त्यात औरंगाबाद आणि उस्मानाबाद आहेत, नव्या थरात छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. संकेतांकावरून जोडा.

त्यातही एक खाच आहे. २०११ च्या जनगणनेत तालुक्याचा संकेतांक पाच अंकी आणि शून्याने सुरू होणारा आहे. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये नुसती दोनदा क्लिक करून उघडून साठवलीत की ते शून्य गळतं, आणि जोडणीत एकही ओळ जुळत नाही. उपाय: फाइल एक्सेलच्या डेटा मेनूतून आयात करा आणि तो रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा, किंवा क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये एलपॅड हे फंक्शन वापरून शून्य परत लावा. दोन्ही बाजूंचे रकाने एकाच प्रकारचे, म्हणजे दोन्ही मजकूर किंवा दोन्ही पूर्णांक, असले पाहिजेत.

जोडणी झाल्यावर न जुळलेल्या ओळी मोजा. रकाना ‘नल’, म्हणजे कोरा, असलेली गावं निवडली की आकडा खाली दिसतो. तो आकडा प्रबंधात लिहा. आणि २०११ मध्ये पालघर जिल्हा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. तेव्हा आजच्या जिल्हासीमांवर २०११ चे ठाण्याचे आकडे टाकले तर ठाण्याची लोकसंख्या फुगलेली दिसते आणि पालघर कोरं राहतं. तालुक्यांची बेरीज करून दोन्ही नव्याने काढावे लागतात.

उपग्रहाचं चित्र निवडणं

सेंटिनेल-२ ची चित्रं कोपर्निकस डेटा स्पेसवरून फुकट मिळतात. खातं उघडावं लागतं. ‘लेव्हल-२ए’ निवडा, त्यात हवेचा परिणाम काढलेला असतो. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात, पण जून ते सप्टेंबर ढगांमुळे बहुतेक चित्रं वाया जातात. म्हणून आपल्याकडे ऑक्टोबर ते मे हाच हंगाम धरायचा.

दोन वर्षांची तुलना करताना तारखा आठ-दहा दिवसांच्या फरकात ठेवा. २०१९ चं चित्र ३ मार्चचं आणि २०२४ चं २८ एप्रिलचं घेतलंत, तर तुम्ही पाच वर्षांचा बदल मोजत नाही. उभा गहू आणि काढलेला गहू यांतला फरक मोजता. आणि एका वर्षावरून कल सांगू नका. आधीचा पावसाळा चांगला गेला की एप्रिल हिरवा असतोच. सलग सहा एप्रिल घ्या आणि शेजारी त्या-त्या वर्षाचा पाऊस ठेवा.

हिरवेपणासाठी एनडीव्हीआय हा निर्देशांक: बी८ (अवरक्त पट्टा) वजा बी४ (लाल पट्टा), भागिले बी८ अधिक बी४. सूत्र सगळ्यांना पाठ असतं, खाली दिलेली गोष्ट मात्र सुटते. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत बदल झाला आणि प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवलेले येऊ लागले. ते वजा न करता एनडीव्हीआय काढला तर काय होतं ते पाहा. खरे आकडे बी८ ला ३०००, बी४ ला १००० असतील तर एनडीव्हीआय ०.५० येतो. १००० मिळवलेले असताना ४००० आणि २०००, म्हणजे ०.३३. शेत तेच, पीक तेच, आणि प्रबंधात मात्र ‘२०२२ नंतर वनस्पती-आच्छादनात लक्षणीय घट’ असा निष्कर्ष. जुन्या चित्रांवरही पुढे नव्याने प्रक्रिया झालेली असल्याने नुसती तारीख बघून चालत नाही. फाइलच्या नावात एन या अक्षरापुढे चार आकडे असतात. ते ०४०० किंवा त्याहून मोठे असतील तर दोन्ही पट्ट्यांतून १००० वजा करा. गूगल अर्थ इंजिन वापरत असाल तर नावात ‘हार्मोनाइज्ड’ असलेला संच घ्या, त्यात हे केलेलं असतं.

ढग आणि सावल्या काढायला सोबतचा एससीएल थर असतो: ३ म्हणजे ढगाची सावली, ८ आणि ९ ढग, १० विरळ उंच ढग. तो २० मीटरचा आहे, १० वर आणताना ‘निअरेस्ट नेबर’ पद्धत ठेवा. दुसरी पद्धत घेतली तर ३ आणि ९ ची सरासरी ६ येते, आणि ६ म्हणजे पाणी!

शिवारात

हिरवा पिक्सेल म्हणजे अंजीर, ऊस की वेडी बाभूळ, हे एनडीव्हीआय सांगत नाही. त्यासाठी शिवारात जावं लागतं. फोनवर क्यूफील्ड हे ॲप टाका, तालुक्याचा नकाशा आणि रिकामा बिंदूथर आधी भरून न्या. डोंगराकडच्या वाड्यांत रेंज असेलच असं नाही. फॉर्ममध्ये पीक टंकायला लावू नका, यादीतून निवडायला ठेवा. नाहीतर अंजीर, अंजिर आणि इंग्रजी स्पेलिंगचे चार प्रकार, असे सहा वर्ग तयार होतात.

मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस तीन ते पाच मीटर चुकतो, झाडाखाली त्याहून जास्त. बिंदू नोंदवण्याआधी अर्धा-एक मिनिट थांबा, स्क्रीनवरचा अचूकतेचा आकडा पाचच्या खाली येऊ द्या. बिंदू बांधावर उभं राहून घेऊ नका. पिक्सेल दहा मीटरचा, जीपीएसची चूक पाच मीटरची. तेव्हा कडेपासून पंधरा-वीस मीटर आत जाऊन घ्या, अर्थात शेतमालकाला विचारून. एवढं आत जायला जागाच नसेल तर ते शेत या कामाला लहान आहे, सोडून द्या.

किती बिंदू? दर वर्गाला किमान ५० हा रूढ ठोकताळा. चार वर्गांचे दोनशे. दिवसाला पंधरा-वीस होतात, म्हणजे दहा ते तेरा दिवस फिरणं. गाडीचं पेट्रोल आणि सोबतीचा माणूस धरूनच वेळापत्रक आखा. बिंदू कुठे घ्यायचे हे घरीच ‘रँडम पॉइंट्स’ने ठरवून न्या. रस्त्याकडेचीच शेतं घेतली तर नमुन्यात बागायत जास्त येते, कारण रस्त्याकडे वीज आणि पाणी आधी पोचलेलं असतं.

जुन्या वर्षांचं काय, हा प्रश्न परीक्षक विचारतोच. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्या रानात काय होतं, हे आज जाऊन दिसत नाही. गूगल अर्थ प्रोमध्ये जुनी चित्रं तारखेनिशी असतात. फळबागेच्या झाडांच्या ओळी त्यात ओळखू येतात. गाव नमुना १२ मध्ये पीकपाहणी असते, पण ती गटनिहाय, आणि गटाचा नकाशा उपग्रहाच्या चित्रावर तंतोतंत बसत नाही. तेव्हा ती पुरावा म्हणून नव्हे, पडताळा म्हणून वापरा.

सीएसव्ही भरताना एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. उलटं केलंत तर पुरंदरचे बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतात. शून्य-शून्य राहिलेले बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात सापडतात.

अचूकतेचा तक्ता

शिवारातले बिंदू दाखवून सॉफ्टवेअरला प्रत्येक पिक्सेलचा वर्ग ठरवायला शिकवायचं, हे वर्गीकरण. ते शिकवायला वापरलेले बिंदू तपासायला वापरू नका, हे सगळे सांगतात. त्याहून बारीक गोष्ट: एकाच शेतातले काही पिक्सेल शिकवायला आणि काही तपासायला ठेवले तरी ती फसवणूकच, कारण शेजारचे पिक्सेल सारखेच असतात. वाटणी शेतांची करा, पिक्सेलची नव्हे.

आणि एकूण टक्केवारीवर समाधान मानू नका. समजा नकाशातल्या दर वर्गातून ५० बिंदू तपासले: पडीक ४८ बरोबर, पीक ४६, पाणी ४६, फळबाग ३०. एकूण २०० पैकी १७०, म्हणजे ८५ टक्के. दिसायला झकास. तालुक्यात पडीक ७० टक्के, पीक २०, फळबाग ८ आणि पाणी २ टक्के असेल, तर क्षेत्राप्रमाणे वजन देऊन हीच अचूकता ९२ टक्के होते. पण प्रबंध फळबागांवर असेल, तर तुमच्या नकाशातली दर पाचांतली दोन ‘बागा’ बागा नाहीत. परीक्षकाने तक्ता नीट वाचला तर तो याच ओळीवर बोट ठेवेल. वर्गवार अचूकता छापा, आणि कोणता वर्ग कशात मिसळतो ते लिहा. बहुधा बाग आणि बाभूळ.

अंतराचं उत्तर काढणं

ओढ्यांच्या थराला ३२६४३ मध्ये ५०० मीटरचा बफर द्या आणि ‘डिझॉल्व्ह’वर खूण करा, विसरलात तर एकमेकांवर पडलेले बफर दोनदा मोजले जातात. मग हिरव्या क्षेत्राशी ‘इंटरसेक्शन’ (दोन्हींतला सामाईक भाग) आणि गावनिहाय बेरीज.

समजा उत्तर आलं, की हिरव्या जमिनीपैकी ६२ टक्के ओढ्यांच्या ५०० मीटरच्या आत आहे. यावरून काय कळलं? अजून काहीच नाही. आधी मोजा, की सगळ्या तालुक्याच्या जमिनीपैकी किती टक्के त्या पट्ट्यात येते. दख्खनच्या पठारावर ओढ्यांचं जाळं इतकं दाट आहे, की तो आकडाही ६० निघू शकतो. मग तुमचा ६२ हा योगायोगच. ही तुलना नसलेले प्रबंध पुष्कळ दिसतात आणि ती काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत. कोणते ओढे धरले, हेही सांगा. पावसाळ्यापुरते वाहणारे पहिल्या श्रेणीचे, म्हणजे उगमाकडचे, ओहोळ वगळले की चित्र पार बदलतं.

दुसरा प्रश्न कारणाचा. पुरंदर उपसा सिंचन योजना मुळा-मुठेचं पाणी उचलून या भागात आणते, आणि ते शेततळ्यांत साठवलं जातं. अशा ठिकाणी हिरवळ ओढ्यापासून लांब वाढलेली दिसणं शक्य आहे, आणि त्यात ओढ्याचा काही संबंध नाही. सेंटिनेलवर मोठी शेततळी दिसतात. ती हाताने गिरवून वेगळा थर करा आणि तोच हिशेब त्यांच्यासाठी पुन्हा चालवा.

विहिरींच्या पाणीपातळीवरून अखंड रंगीत पट्टे काढायचा मोह इथे होतो. बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं. शंभर मीटरवरच्या दोन विहिरींत पातळी अगदी वेगळी असू शकते. तालुक्यात वीस विहिरी आणि त्यावर आयडीडब्ल्यूचा (जवळच्या बिंदूंवरून मधले आकडे भरणाऱ्या पद्धतीचा) गुळगुळीत नकाशा, याला भूजलशास्त्राचा परीक्षक क्षणात पकडतो. बिंदूच दाखवा, वर्तुळाच्या आकाराने.

उंचीच्या रास्टरवरून पाणलोट काढत असाल तर एवढंच: आधी खड्डे भरून घ्या, उंबरठा (किती क्षेत्राचं पाणी जमलं की प्रवाह धरायचा) पिक्सेलमध्ये द्यायचा असतो, ३० मीटरच्या रास्टरवर एक चौरस किलोमीटर म्हणजे ११११ पिक्सेल, आणि मुखाचा बिंदू रास्टरवरच्या प्रवाहाच्या पिक्सेलवर नेमका ठेवा, एक घर बाजूला पडला तर पाणलोटाच्या जागी चिमूटभर तुकडा येतो.

छपाई

नकाशात ‘प्रमाण १:५०,०००’ असं आकड्यात लिहू नका. वर्डमध्ये चित्र ओढून लहान केलं की ते खोटं ठरतं. रेषेचं प्रमाण द्या, ते चित्राबरोबर लहान-मोठं होतं. चित्र ३०० डीपीआयला काढा. पद्धत, डेटाची तारीख आणि स्रोत नकाशाच्या खालीच लिहा. लोकसंख्येसारखे निव्वळ आकडे रंगछटांत भरू नका, मोठं गाव नेहमी गडद दिसेल. दर चौरस किलोमीटर किंवा टक्के काढा. रंग निवडल्यावर एकदा काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स काढून पाहा. लाल आणि हिरवा एकसारखे करडे होतात, आणि प्रबंधाच्या निम्म्या प्रती झेरॉक्सच असतात.

कोपऱ्यात भारताचा स्थाननकाशा टाकताना बाहेरच्या संकेतस्थळावरची सीमा वापरू नका. त्यांत जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा वेगळी असते. देशाची सीमा चुकीची छापणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. सर्व्हे ऑफ इंडियाची सीमा त्यांच्या पोर्टलवर मिळते, तीच घ्या.

परिशिष्टात बिंदूंचा तक्ता देताना शेतकऱ्यांची नावं आणि गट क्रमांक काढून टाका. घरांचे, विहिरींचे अक्षांश-रेखांश दोन दशांशांपर्यंतच ठेवा. त्याने जागा किलोमीटरभर धूसर होते. संपूर्ण आकडे गाइडकडच्या प्रतीत. प्रोसेसिंगच्या हिस्टरी पॅनेलमध्ये चालवलेली प्रत्येक क्रिया तिच्या मापांसह असते. आठवड्यातून एकदा ती मजकूर फाइलमध्ये उतरवून घ्या, कारण पद्धतीचं प्रकरण लिहिताना बफर ५०० चा दिला होता की ५५० चा, हे तिथूनच कळतं.